जीभ बधिर झाली? आधी घड्याळ बघा!



पायाला मुंग्या आल्या तर आपण पाय झटकतो आणि कामाला लागतो. जीभ बधिर झाली की मात्र माणूस गोंधळतो. चहा गरम की कोमट ते समजत नाही, भाजीत मीठ आहे की नाही ते कळत नाही, बोलताना जीभ दाताखाली येते. घरात सांगितले तर कुणी म्हणते, "हवा लागली असंन." कुणी म्हणते, "खर्रा कमी खात जा." तिसरा थेट भगताचे नाव सुचवतो. यातला खर्र्याचा सल्ला पुष्कळदा बरोबर निघतो. पण पुष्कळदा म्हणजे नेहमी नव्हे, आणि ज्या वेळी तो चुकतो त्या वेळी माणूस आयुष्यभरासाठी खाटेला खिळू शकतो. म्हणून हा विषय आज सविस्तर घेतला आहे.

जीभ बधिर होणे हा स्वतः रोग नाही, रोगाची खूण आहे. जिभेच्या पुढच्या भागाचा स्पर्श मेंदूकडे नेणारा मज्जातंतू खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूने जातो. त्याच मोठ्या तंतूची दुसरी फांदी जबड्याच्या हाडातून खालच्या दातांना, ओठाला आणि हनुवटीला जाते. विजेच्या तारेसारखेच हे आहे. तार टोकाला खराब होवो, वाटेत तुटो किंवा मुख्य ठिकाणी बिघाड होवो, दिवा सारखाच विझतो. म्हणून डॉक्टर नुसती जीभ पाहून थांबत नाहीत. ते तीन गोष्टी विचारतात : केव्हा सुरू झाले, एका बाजूला आहे की सगळ्या जिभेला, आणि सोबत आणखी काय होते आहे. या तीन प्रश्नांची उत्तरे घरच्यांनी नीट दिली तर निम्मे काम झाले.

एकाएकी आले तर

माणूस चांगला बोलत-चालत होता आणि अचानक एका बाजूची जीभ, ओठ, गाल बधिर झाला. त्याच बाजूचा हात जड पडला, तोंड वाकडे झाले, शब्द अडखळू लागले, तोल जाऊ लागला किंवा दिसायला कमी झाले, तर तो लकवा समजावा आणि त्याच क्षणी निघावे. मेंदूला रक्त नेणारी वाहिनी गुठळीने बंद झाली किंवा फुटली की असे होते. नुसती जीभ बधिर झाली म्हणजे लकवाच असे नाही, बहुतेक वेळा तो नसतोच. सोबतच्या खुणा बघायच्या त्या यासाठी.

घरी करता येण्याजोगी तपासणी सोपी आहे. माणसाला हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढले जाते का बघा. दोन्ही हात समोर उचलायला सांगा, एक हात खाली येतो का बघा. मग बोलायला लावा. आपल्या घरात त्रिशरण-पंचशील सर्वांना पाठ असते, ते म्हणायला सांगितले तर शब्द जड येतात की नाही हे लहान पोरालाही कळेल. मात्र एक सावधगिरी ठेवा. रोज म्हणून तोंडात बसलेले शब्द मेंदूला इजा झाल्यावरही कधीकधी नीट निघतात. म्हणून त्यासोबत "आज काय जेवलात?", "कोणाचे लग्न होते?" असा साधा प्रश्नही विचारा. उत्तर भलतेच आले किंवा आलेच नाही, तर थांबू नका.

आणि घड्याळ बघा. गुठळीमुळे झालेल्या लकव्यात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन असते. ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, जितके लवकर तितके चांगले. त्याआधी सीटी स्कॅन काढून रक्तस्राव नाही ना याची खात्री करावी लागते. म्हणजे रुग्णालयाच्या दारात पोचलो म्हणजे झाले असे नाही, तिथल्या तपासणीलाही वेळ लागतो. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वर्धा शहराला लागून आहेत. वर्धा, सेलू, देवळीच्या माणसाला ती जवळ पडतात. पण आष्टी, कारंजा, आर्वीकडून किंवा समुद्रपूरच्या आतल्या गावातून यायचे तर रस्त्यातच मोठा वेळ जातो. तिथल्या माणसाने "सकाळपर्यंत पाहू" म्हणणे म्हणजे इंजेक्शनची वेळ स्वतःच्या हाताने घालवणे होय. १०८ क्रमांकावर फोन करा, "लकवा वाटतो, इतक्या वाजता सुरू झाला" असे स्पष्ट सांगा, आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयातच नेण्याचा आग्रह धरा. झोपेतून उठल्यावर त्रास दिसला असेल तर रात्री शेवटचे चांगले केव्हा पाहिले ती वेळ सांगावी.

वाटेत पाणी, चहा, गोळी काहीही तोंडात घालू नये. बधिर जिभेने नीट गिळता येत नाही, घास श्वासनलिकेत जातो. बीपीची गोळी किंवा रक्त पातळ करणारी गोळी शेजाऱ्याच्या सल्ल्याने देऊ नये, कारण वाहिनी फुटलेली असेल तर तीच गोळी घात करते. कबुतराचे रक्त चोळल्याने लकवा जातो ही समजूत आजही खेड्यात आहे. त्याने एक कबूतर मरते, एवढेच होते. पंधरा-वीस मिनिटांत सगळे आपोआप बरे झाले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. तो मोठ्या लकव्याचा निरोप असू शकतो, आणि निरोप आल्यावर तो टाळण्याचे उपाय करता येतात.

आपल्या रक्तातला प्रश्न

लकवा हा म्हाताऱ्यांचा रोग, असे आपण धरून चालतो. आपल्या समाजात हे धरून चालता येत नाही, आणि त्याचे कारण आहे सिकलसेल. विदर्भात हा आजार बौद्ध समाजात, गोंड-परधान आदिवासी बांधवांत आणि इतरही काही समाजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. १९५२ मध्ये भारतात तो प्रथम निलगिरीकडे नोंदवला गेला. १९५८ मध्ये, म्हणजे दीक्षा समारंभानंतर दोनच वर्षांत, नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात लिहिले. हा शाप नाही, पूर्वजन्मीचे पाप नाही आणि कोणत्याही जातीचा दोषही नाही. जिथे हिवताप फार होता त्या प्रदेशात हा गुण रक्तात टिकून राहिला, कारण वाहक माणसाला हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळत असे. ज्यांच्या पूर्वजांनी हिवताप सोसला त्यांच्या वाट्याला हे आले.

या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. ज्याला आपण 'एसएस' म्हणतो त्या रुग्णाला अंगदुखीचे झटके येतात हे सर्वांना माहीत आहे. कमी माहीत असलेली गोष्ट अशी की अशा झटक्यात जबड्याच्या हाडातला रक्तपुरवठा अडला तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते, जणू दाताचे इंजेक्शन दिले आहे. दात चांगले, हिरड्या चांगल्या, आणि तरी बधिरपणा. दाताचा डॉक्टर दातात कारण शोधत बसतो. सिकलसेलच्या रुग्णाने असे झाल्यास आपला आजार आधी सांगावा.

त्याहून गंभीर म्हणजे सिकलसेलच्या लहान मुलालाही लकवा होऊ शकतो. शाळेत जाणारे पोर एकाएकी बोबडे बोलू लागले, हातातली पेन्सिल गळून पडू लागली, तर "नाटक करते" म्हणून रागावू नका. आणि रुग्णालयाच्या दारातच "याला सिकलसेल आहे" हे मोठ्याने सांगा, कार्ड दाखवा. या लकव्याचा उपचार वेगळा असतो, त्यात बहुधा तातडीने रक्त द्यावे लागते. नेहमीच्या लकव्याच्या वाटेने गेले तर वेळ फुकट जातो.

आपण बौद्ध लोक लग्नात पत्रिका पाहत नाही, ते चांगलेच आहे. पण रक्ताची चिठ्ठी जरूर पाहावी. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. वाहक माणूस शेती, मजुरी, नोकरी, सर्व काही करतो. मात्र आई-वडील दोघेही वाहक असले तर दर गरोदरपणात मूल आजारी होण्याचा संभव चारात एक असतो. तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केल्यापासून गावोगावी शिबिरेही घेतली जातात. आशाताई नाव लिहायला आली तर "आमच्या घरी असलं काही नाही" म्हणून तिला परत पाठवू नये.

खर्रा

आता त्या खर्र्याकडे येऊ. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. ती किती पाळली जाते हे मोहफुलाची भट्टी जाणते आणि आपणही जाणतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पण सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा पानठेल्यावर मिळत राहतो. जिनिंगमध्ये काम करणारा मजूर भूक मारायला खातो, ऑटोवाला झोप उडवायला खातो, आणि शाळेतली मुले मोठ्यांचे पाहून खातात. दारू न पिण्याची प्रतिज्ञा आपण बावीस प्रतिज्ञांत घेतली. खर्रा त्या यादीत नाही म्हणून तो चालतो, असा युक्तिवाद करणारे मी विहाराच्या पायरीवरच ऐकले आहेत!

चुन्याने तोंडातली कातडी भाजते. सुरुवातीला आग होते, तिखट सोसत नाही, मग हळूहळू त्या जागेची संवेदना आणि चव मंदावते. सुपारीने कातडीखाली दोऱ्यांसारखे घट्ट पट्टे तयार होतात. गाल ताठ होतो, जीभ पूर्वीसारखी बाहेर निघत नाही, तोंड उघडत नाही. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का ते आजच बघा. जात नसतील तर दाखवायला हवे. हा कर्करोग नव्हे, पण त्याच्या वाटेवरचा थांबा आहे.

बाया आपल्याला यातून वगळतात. "आम्ही कुठे खर्रा खातो?" पण दातांना तंबाखूची नस किंवा गुडाखू घासणाऱ्या पुष्कळ जणी आहेत, आणि तंबाखू तो तंबाखूच.

जिभेच्या कडेला किंवा गालात दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, कानाकडे जाणारी कळ, हलणारा दात आणि त्यासोबत जीभ, खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर होणे ही खूण फार गांभीर्याने घ्यावी. कर्करोग मज्जातंतूपर्यंत पोचला की बधिरता येते. दुखत नाही म्हणून माणूस निश्चिंत राहतो. सावंगीला १९९१ पासून शरद पवार दंत महाविद्यालय आहे, नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे तुकडा काढून तपासतात. "तुकडा काढल्याने रोग पसरतो" हे खोटे आहे. ऑपरेशनचा खर्च पाहून मागे फिरण्याआधी रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारावे, रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवावे.

फवारणीचा हंगाम

पऱ्हाटीवर फवारणी करून आलेल्या माणसाच्या ओठांना, गालांना, जिभेला चुणचुण होते, मुंग्या येतात. काही कीटकनाशकांच्या कातडीवरील स्पर्शानेच असे होते आणि साबणाने स्वच्छ धुतल्यावर बहुधा एका दिवसात ओसरते. पण ती चुणचुण औषध अंगावर आल्याची साक्ष आहे. पंपाचे नोझल तुंबले की ते तोंडाने फुंकायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. ती सोडावी. फवारणीच्या हाताने खर्रा तोंडात टाकणे म्हणजे विष स्वतःच्या हाताने जिभेवर ठेवणे.

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्यात दुसऱ्याच्या शेतात रोजीने फवारणारे होते, ज्यांना डब्यावर काय लिहिले आहे हे कुणी वाचून दाखवले नव्हते. घाम सुटणे, तोंडाला लाळ येणे, उलटी, डोळ्यांपुढे अंधारी, दम लागणे, अंग थरथरणे यांपैकी काही दिसले तर कपडे काढून अंग धुवावे आणि डबा सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. उलटी करवायला मिठाचे पाणी पाजू नये. मालक डबा द्यायला टाळाटाळ करील, तर मोबाईलवर त्याच्या चिठ्ठीचा फोटो तरी काढावा.

पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. मण्यार रात्री चावते आणि पुष्कळदा चावल्याचे कळतही नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या मिटत येतात, जीभ जड होते, गिळता येत नाही. असे झाले तर खूण शोधत बसू नये, मंत्र तर नाहीच. सरळ रुग्णालयात न्यावे.

हळूहळू आले तर

दिवसेंदिवस, महिनोन्‌महिने जीभ चुणचुणते, लाल-गुळगुळीत दिसते, पायांनाही मुंग्या येतात, थकवा वाटतो, तर बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. हे जीवनसत्त्व अंडी, मासे, मटण, कलेजी, दूध-दही यांत असते. भाजी-भाकरीत जवळजवळ नसते. आपल्या घरी मांसाहार चालतो म्हणून ही कमतरता नसेल असे नाही. आठवड्यातून एकदा मटण शिजते, त्यातले तुकडे पुरुष आणि पोरांच्या ताटात जातात, आणि रांधणारी माय रस्सा पुसून खाते, हे आपण बघतोच. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी अनेक वर्षे घेणाऱ्यांना आणि पित्ताची गोळी रोज उपाशीपोटी घेणाऱ्यांनाही ही कमतरता होते. उपचार गोळी किंवा इंजेक्शनचा आहे, महाग नाही. फार उशीर केला तर पायांचे नुकसान पूर्ण भरून येत नाही.

मधुमेहाने मज्जातंतू बिघडतात हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. बाबासाहेबांना मधुमेह होता आणि पायांच्या वेदनांनी त्यांना शेवटची वर्षे फार त्रास दिला, काठीचा आणि माणसांचा आधार घ्यावा लागला. त्या अवस्थेत त्यांनी ग्रंथ पूर्ण केला आणि नागपूरला आपल्याला दीक्षा दिली. आज साखरेची तपासणी आरोग्य केंद्रात होते. मधुमेहाच्या रुग्णाला एकाएकी ओठ-जीभ चुणचुणून घाम आणि थरथर सुटली, तर साखर कमी झाली असे समजून शुद्धीवर असेल तरच लगेच साखर-पाणी द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये.

अक्कलदाढ काढल्यावर काही तास जीभ बधिर राहते, ते इंजेक्शनचे काम. दुसऱ्या दिवशीही राहिली तर ज्यांनी दाढ काढली त्यांना सांगावे. लवंगतेलाने, अक्कलकाऱ्याच्या मुळीनेही जीभ तात्पुरती बधिर होते. मात्र बाजारातल्या बिननावाच्या पुडीने जीभ बधिर झाली तर ती पुडी पुन्हा घेऊ नये. तिच्यात बचनाग असू शकतो, आणि तो हृदयाचे ठोके बिघडवतो. नवे औषध, इंजेक्शन किंवा मधमाशीच्या दंशानंतर जीभ-ओठ सुजून दम लागला तर ती तातडीची वेळ आहे. घाबरून भराभर श्वास घेतल्यानेही तोंडाभोवती आणि बोटांना मुंग्या येतात. सुनेला असे झाले की "अंगात आले" म्हणतात. तिला शांत बसवावे, श्वास सावकाश घ्यायला सांगावा, आणि पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातले कॅल्शियम तपासून घ्यावे. घरात तिला कशाचा जाच आहे का, हेही विचारावे.

बधिरता म्हटली की वर्ध्याच्या माणसाला दत्तपूर आठवते. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये तिथे कुष्ठधाम उभारले. पण कुष्ठरोगातली बधिरता कातडीच्या चट्ट्यावर आणि हातापायांना येते. केवळ जीभ बधिर झाली म्हणून कुष्ठरोगाची भीती बाळगण्याचे कारण नाही, आणि कातडीवर बधिर चट्टा असेल तर लाजण्याचेही कारण नाही. औषध मोफत आहे आणि रोग पूर्ण बरा होतो.

एकाएकी नाही, दुसरा त्रास नाही, आणि एक-दोन दिवसांत ओसरले, तर काळजी नको. आठवडाभर राहिले किंवा पुन्हा पुन्हा आले तर जवळच्या आरोग्य केंद्रात जावे. आर्वी-हिंगणघाटच्या लोकांना उपजिल्हा रुग्णालय आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. जाताना चालू गोळ्यांची रिकामी पाकिटे, सिकलसेल कार्ड, जुने कागद एका पिशवीत घ्या. खर्रा किती खाता हे विचारले तर खरा आकडा सांगा, बायको सोबत असली तरी.